लॉक लागलेलं, काठी जागेवर, तरी दार उघडलं: मुलुंडमधल्या एका गॅलरीच्या दाराचं प्रकरण

मे महिना. मुलुंड पूर्वेतली सात मजली जुनी इमारत. चौथ्या मजल्यावरचं कुटुंब आंब्याच्या दिवसांत आठवडाभर गावी गेलेलं. परत आल्यावर मुख्य दाराचं लॅच शाबूत, सेफ्टी डोअर शाबूत, आणि आत कपाट फोडलेलं. गॅलरीच्या स्लायडिंग दाराची काच अखंड होती. लॉकची कळ ‘बंद’वर होती. आतल्या रुळात आडवी टाकलेली लाकडी काठी हललीसुद्धा नव्हती. पंचनाम्याच्या वेळी पहिला प्रश्न साहजिकच आला: दार उघडं राहिलं होतं का?

राहिलं नव्हतं. दार बाहेरून उघडलं गेलं होतं, आणि तेही लॉकला हात न लावता. हे कसं झालं आणि त्या दारावर नंतर काय काम केलं, ते इथे मापांसकट मांडलं आहे, कारण मुंबईतल्या हजारो गॅलऱ्यांना याच बनावटीची दारं आहेत.

चौथ्या मजल्यावर वाट कुठून आली

गॅलरीला ग्रिल नव्हतं. चौथ्या मजल्यावर कोण येतंय, हा त्यामागचा विचार, आणि एरवी तो फारसा चुकीचा नाही. पण इमारतीचं दुरुस्तीचं काम पावसाळ्याआधी संपवायची घाई होती आणि बाहेरून बांबूची परांची चढलेली होती. ३० वर्षं उलटलेल्या इमारतींना मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३५३-ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. त्यातून दुरुस्ती निघते आणि दुरुस्तीबरोबर परांची येते. परांची उभी राहिली की चौथा मजला आणि तळमजला यांत फरक उरत नाही. त्यावर हिरवी जाळी लावलेली असते. ती खाली पडणारं मटेरियल अडवते, पण आत उभा असलेला माणूसही रस्त्यावरून दिसत नाही. शिवाय दिवसभर ठोकाठोकीची सवय झालेल्या सोसायटीत आणखी एका आवाजाने कुणी खिडकीत येत नाही.

दाराची बनावट

साधारण ८ फूट रुंद आणि ७ फूट उंच, तीन ट्रॅकचं ॲल्युमिनियमचं दार. खोलीकडच्या पहिल्या ट्रॅकवर काचेचं आतलं शटर (म्हणजे सरकणारा पल्ला), मधल्या ट्रॅकवर काचेचं बाहेरचं शटर आणि सर्वांत बाहेरच्या ट्रॅकवर मच्छरजाळीचं शटर. दार बंद असताना खोलीतून पाहिलं तर आतलं शटर डावीकडे, बाहेरचं उजवीकडे. मधोमध दोन्हींच्या उभ्या पट्ट्या एकमेकींवर येतात, तो इंटरलॉक. काच ५ मिमी टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली. एका शटरमध्ये सव्वादोन चौरस मीटर काच, म्हणजे २८ किलो. ॲल्युमिनियम धरून शटर ३६ किलोच्या आसपास. वजन ऐकून भारी वाटतं, पण एका कोपऱ्याखाली कटावणी घातली की त्यातलं निम्मंच उचलावं लागतं आणि तेही तरफेवर.

दोन्ही काचेच्या शटरना आपापल्या बाजूच्या चौकटीत बसणारं लॉक होतं. लॉकमधून एक आकडा बाहेर येतो, चौकटीवरच्या पट्टीच्या खाचेत शिरतो आणि खाचेच्या खालच्या ओठामागे उतरतो. थोडक्यात, आपला जुना कडी-कोयंडाच.

काय दिसलं

उजवीकडचं, म्हणजे बाहेरचं शटर चौकटीत पूर्ण बसलेलं नव्हतं. ते १२ मिमी अलीकडे अडलं होतं. लॉक ‘बंद’ होतं, पण आकडा खाचेत नव्हता. बाहेर आलेल्या अवस्थेत तो पट्टीच्या पृष्ठभागावर टेकला होता. चोराने जाताना बाहेरून शटर ओढून घेतलं आणि ते तिथेच थांबलं. दार ‘उघडं राहिलं’ नव्हतं याचा हा सगळ्यांत बोलका पुरावा. लॉक न लावता नुसतं सरकवलेलं शटर आकडा आत असल्याने चौकटीत पूर्ण शिरलं असतं.

खाली, शटरच्या तळाच्या पट्टीवर बाहेरच्या बाजूने दोन चपटे खळगे होते, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. त्यांच्या समोर रुळाची कड किंचित दबलेली. घासलेलं ॲल्युमिनियम पांढरं चमकत होतं, तर आजूबाजूला वर्षांची काळी धूळ. वरच्या ट्रॅकच्या आतल्या छतालाही तशीच ताजी घासणी, जिथे शटरचा माथा जाऊन टेकला. या तिन्ही खुणा मिळून एकच गोष्ट सांगतात: शटर खालून उचललं गेलं.

अशा ठिकाणी घरच्यांकडून पहिली चूक होते ती पुसापुशीची. ११२ वर फोन करावा आणि पंचनामा होईपर्यंत ट्रॅक झाडू नये, शटर सरकवू नये. खुणांचे फोटो बाजूला मोजपट्टी धरून घ्यावेत. घरफोडीच्या विमा पॉलिसीत बहुधा बळजबरीने प्रवेश झाल्याची खूण लागते. तक्रारीतही फरक पडतो. राहत्या घरातली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली येते आणि घरफोडी कलम ३३१ खाली. मुख्य दार अभंग असताना या चार-दोन ओरखड्यांवरच सगळं उभं असतं.

उचलल्याने लॉक का सुटलं

स्लायडिंग शटर चौकटीत बसवतात तेव्हा ते आधी वरच्या ट्रॅकमध्ये घुसवून उचलतात आणि मग खाली रुळावर सोडतात. म्हणून वर मोकळी जागा ठेवावीच लागते. जे ज्या वाटेने आत बसलं, ते त्याच वाटेने बाहेरही येतं.

या दारात नवेपणी वरची फट १२ मिमी होती आणि शटरच्या तळाच्या कडा रुळाच्या माथ्यापासून १० मिमी खाली उतरलेल्या होत्या. आकड्याची ओठामागची पकड ८ मिमी. म्हणजे नवं असतानाही शटर ८ मिमीपेक्षा जास्त वर गेलं की आकडा मोकळा. दोष झिजेचा नंतर, आधी तो मूळ मांडणीचाच आहे.

झिजेने त्यात भर घातली. मिठागरांकडून येणारी खारट हवा आणि रुळात साचलेली धूळ यांनी बेअरिंगची चाकं खाल्ली आणि शटर ४ मिमी खाली बसलं. वरची फट १६ मिमी झाली. शटर खाली गेल्यावर आकडा खाचेत शिरेना, खालच्या ओठावर आपटू लागला. तेव्हा बेअरिंग बदलण्याऐवजी कुणा कारागिराने खाचेचा ओठ कानशीने ७ मिमी खाली नेला. लॉक पुन्हा ‘लागू’ लागलं. पण ८ अधिक ४ वजा ७, म्हणजे पकड उरली ५ मिमी. उचलायला जागा १६ मिमी आणि धरून ठेवायला ५ मिमी. खटका ऐकू यायचा, म्हणून कुणाला शंका आली नाही.

काठीचं काय? काठी होती आतल्या ट्रॅकमध्ये. तिने आतलं शटर चोख अडवलं. बाहेरचं शटर मधल्या ट्रॅकवरून डावीकडे सरकतं आणि त्या वाटेचा डावा अर्धा भाग दार बंद असताना काचेच्या बाहेर असतो. तिथे आतून काठी ठेवताच येत नाही. रुळात काठी टाकण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो एका शटरपुरता खरा आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

कामाचा क्रम

घरी आलेल्या पहिल्या कारागिराचं म्हणणं होतं, “काकू, लॉक जुनं झालंय, चांगल्यातलं नवीन टाकून देतो.” हेच नेमकं करायचं नव्हतं. लॉक शटरला आडवं सरकण्यापासून धरतं. उभं उचलण्यापासून धरणं हे त्याचं कामच नाही. नवं लॉक त्याच सैल शटरवर बसवलं असतं तर तेही तसंच सुटलं असतं. क्रम असा ठेवला: आधी चौकट, मग बेअरिंग, मग वरची फट, मग लॉक, आणि दोन्ही शटर एकमेकांना बांधणारी पिन शेवटी. हा क्रम मोडला की आधी पाडलेली भोकं नंतर जुळत नाहीत.

चौकट तपासली तेव्हा प्रत्येक बाजूला जेमतेम तीन स्क्रू निघाले, ३५ मिमीचे, प्लास्टिकच्या गिट्टीत. त्यातला निम्म्याहून जास्त भाग प्लास्टरमध्येच. चौकट हाताने ढकलली तरी हलत होती. अशा चौकटीला जगातलं कुठलंही लॉक लावा, कटावणीने चौकटच बाजूला होते. ते काढून १० मिमी जाडीचे, १०० मिमी लांबीचे फ्रेम फास्टनर (चौकट भिंतीत धरणारे लांब स्क्रू) घातले: कोपऱ्यांपासून १५० मिमीवर पहिला, मग साधारण दर ६०० मिमीवर एक. प्लास्टर सोडून विटेत किंवा काँक्रीटमध्ये किमान ५० मिमी शिरायला हवा, हा हिशेब. खालच्या ट्रॅकला मात्र हात लावला नाही. तिथे भोक पाडलं की पावसाळ्यात पाणी स्लॅबमध्ये उतरतं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते.

बेअरिंग प्रत्येक काचेच्या शटरला दोन, एकूण चार. घेताना जोडीची वजन पेलण्याची क्षमता शटरच्या वजनापेक्षा बरीच जास्त असलेली घ्यावी. ३६ किलोच्या शटरला काठावरची जोडी घालू नये. ॲडजस्टमेंटच्या स्क्रूने शटर ४ मिमी वर घेतलं, वरची फट पुन्हा १२ मिमीवर आली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शटर वर घेतलं म्हणजे ते उचलून निघणार नाही, असं या बनावटीत होत नाही. वरची फट जेवढी कमी होते, तेवढीच तळाच्या कडांची रुळावरची उतरणही कमी होते. फट १६ असताना उतरण १४ होती, आता फट १२ आणि उतरण १०. फरक तोच २ मिमी. बेअरिंग बदलल्याने शटर गुण्यात येतं आणि लॉक खाचेसमोर येतं, एवढंच. उचलणं थांबवायला वरची जागा भरावीच लागते.

ती भरायला नायलॉनचे ठोकळे वापरले: ७५ मिमी लांब, ट्रॅकच्या आत बसतील एवढे रुंद. प्रत्येक काचेच्या शटरला दोन, बंद शटरच्या दोन्ही टोकांपासून दीडशे मिमीवर. पहिल्यांदा ११ मिमी जाडीचे घातले. सकाळी दार लोण्यासारखं चाललं, पण दुपारी चारला पश्चिमेचं ऊन पडल्यावर घासू लागलं. ॲल्युमिनियम एका मीटरला दर अंशाला ०.०२३ मिमी वाढतं. दोन मीटरचं शटर २० अंशांनी जास्त तापलं की जवळजवळ १ मिमी उंच होतं आणि ठेवलेली फट तेवढीच होती. चौकट भिंतीला धरून असल्याने तेवढी तापत नाही. ठोकळे बदलून ९ मिमीचे केले, फट ३ मिमी राहिली. निघायला १० मिमी उचलावं लागतं, आकडा सुटायला ८ मिमी, आणि जागा आहे ३ मिमी.

फट मोजताना वरच्या ट्रॅकची तीन ठिकाणी मापं घ्यावीत, कारण जुन्या लिंटेलखाली, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईखाली, ट्रॅक मधोमध खाली आलेला असतो. साधन नसेल तर चार एटीएम कार्डं एकावर एक धरावीत. एक कार्ड ०.७६ मिमीचं असतं, चारांचे बरोबर ३ मिमी होतात. ठोकळे बसवायला शटर काढावं लागत नाही. शटर दुसऱ्या टोकाला सरकवलं की ट्रॅकचा रिकामा भाग खोलीतून हाताला येतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, माथा ठोकळ्यात पूर्ण बुडालेला. शटर बंद झालं की ठोकळे त्याच्या माथ्यावर दडतात, बाहेरून त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. पुढे कधी शटर काढायची वेळ आली तर आधी ठोकळे काढायचे, हे घरच्यांनी लिहून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचा कारागीर ओढाताण करून ट्रॅक वाकवतो.

लॉकची पट्टी नवी, स्टेनलेस स्टीलची, अचूक खाचेची. ती बसवताना ॲल्युमिनियमच्या सेक्शनवर, म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्टीवर, भिस्त ठेवू नये. सेक्शनची भिंत दीड मिमीच्या आसपास असते आणि त्यात स्क्रूचे जेमतेम एक-दोन आटे धरतात. म्हणून चौकटीच्या पोकळीत मागून ३ मिमीची आटे पाडलेली पट्टी सरकवून स्क्रू तिच्यात कसले.

पिन: सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत नाजूक काम

इंटरलॉकमध्ये दोन्ही शटरच्या उभ्या पट्ट्या एकमेकींवर असतात. खोलीकडून आतल्या पट्टीतून आरपार आणि बाहेरच्या पट्टीच्या फक्त आतल्या भिंतीतून एक भोक पाडायचं आणि त्यात ८ मिमीची स्टेनलेस स्टीलची पिन सरकवायची. दोन्ही शटर एकमेकांना बांधली जातात. दोन्हींच्या मागे चौकट असल्याने कुणीच हलू शकत नाही. ज्या बाहेरच्या शटरला काठीने अडवता येत नव्हतं, ते इथे अडतं.

काम दहा मिनिटांचं, पण चुकलं तर शटरभर काच खाली. टफन्ड काचेला कडेला ड्रिलचं टोक लागलं तरी अख्खी काच दाण्यादाण्यांनी फुटते. टफन केल्यानंतर तिला भोक पाडता येत नाही की कापता येत नाही. काच पट्टीच्या आत साधारण १० मिमी शिरलेली असते. म्हणून काचेकडची ती जागा आणि वर थोडी सूट सोडून, पट्टीच्या काचेपासून दूरच्या भागातच खूण करायची. इंटरलॉकचा आकडा नेमका कुठे वळतो हे शटरच्या माथ्यावर टोकाकडून डोकावून आधी बघायचं. ड्रिलबिटवर हवी तेवढी खोली सोडून चिकटपट्टी गुंडाळायची. ही चिकटपट्टी सेक्शनला टेकली की थांबायचं. भोक बाहेरपर्यंत गेलं तर पाऊस आत येतो आणि बाहेरून तारेने पिन मागे ढकलता येते. भोक आत जाताना किंचित खाली उतरतं ठेवायचं, म्हणजे दार कितीही हादरवलं तरी पिन स्वतःहून बाहेर येत नाही.

इथे दोन पिना घातल्या: एक तळापासून ३०० मिमीवर, दुसरी छातीच्या उंचीवर. घरात आजी असल्याने वरची पिन त्यांच्या हाताला येईल अशी. पिनेला दोरी बांधून ती चौकटीला अडकवली. हरवलेली पिन म्हणजे नसलेली पिन.

काठीही बदलली. गोल लाकडी काठी बाहेरून घातलेल्या तारेने उचलता येते. तिच्या जागी २५ बाय २५ मिमीचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप, दोन्ही टोकांना रबर, मोजलेल्या अंतरापेक्षा ३ मिमी आखूड.

काच

टफन्ड काच माणसाला कापत नाही म्हणून सुरक्षित. चोराला ती अडवत नाही. टोकदार फटक्याने ती एका क्षणात कोसळते आणि मग हात आत घालून पिन काढता येते. खरा उपाय लॅमिनेटेड काच, दोन काचांमध्ये पीव्हीबी या चिवट प्लास्टिकचा थर असलेली. ४ अधिक १.५२ अधिक ४, म्हणजे ९.५२ मिमीची काच फुटली तरी चादरीसारखी लटकून राहते. पण या जुन्या सेक्शनच्या खाचेत ५-६ मिमीच मावते आणि शटर ५५ किलोवर गेलं असतं. म्हणून आतून २०० मायक्रॉनची सेफ्टी फिल्म लावली. फिल्म फक्त काचेच्या दिसणाऱ्या भागावर चिकटवून सोडली तर फुटलेली काच फिल्मसकट सतरंजीसारखी आत ढकलता येते. तिच्या चारही कडा स्ट्रक्चरल सिलिकॉनने शटरच्या पट्टीला बांधाव्या लागतात. सिलिकॉन बांधणाऱ्याला हे काम जास्तीचं वाटतं, ते आग्रहाने करून घ्यावं.

अख्खं दार नवं घेणार असाल तर गोष्ट वेगळी. तेव्हा विक्रेत्याकडून ईएन १६२७ या घरफोडीविरोधी युरोपीय मानकाचा आरसी-२ दर्जा काचेसकट संपूर्ण दाराला आहे का, हे लेखी घ्यावं. त्या चाचणीत स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पाचर अशा साध्या हत्यारांपुढे दार ३ मिनिटं टिकावं लागतं.

ग्रिल का नाही

कुटुंबाची पहिली मागणी ग्रिलचीच होती. अडवायला ग्रिल उत्तम, यात वाद नाही. पण चौथ्या मजल्यावर जिना धुराने भरला की गॅलरी हीच अग्निशमन दलाची शिडी टेकायची जागा असते. पक्कं वेल्ड केलेलं पिंजऱ्याचं ग्रिल घरच्यांनाही आत कोंडतं. लावायचंच असेल तर माणूस सहज बाहेर पडेल एवढा उघडणारा भाग हवा. त्याची चावी आत, ठरलेल्या खिळ्यावर, बाहेरून हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. या घराने ग्रिल न लावता दार उघडल्याचं ओळखणारा मॅग्नेटिक सेन्सर आणि काचेवर कंपन ओळखणारा सेन्सर लावला.

सोसायटीने परांचीबाबत ठेकेदाराशी ठरवलं ते असं: संध्याकाळी काम संपल्यावर खालच्या दोन टप्प्यांच्या आडव्या बांबूफळ्या आणि शिडी काढून ठेवायची, हिरवी जाळी तळमजल्यापासून पहिल्या मजल्यापर्यंत वर गुंडाळायची, त्या बाजूला रात्रभर दिवा. कामगारांची नोंदवही गेटवर, आणि बंद असलेल्या घरांची यादी फक्त सेक्रेटरीकडे. ती वॉचमनच्या टेबलावर पडून राहता कामा नये.

काम संपल्यावर तपासणी गॅलरीतून केली, आतून नाही. एकाने आतून लॉक आणि पिना लावल्या. दुसऱ्याने बाहेर उभं राहून दोन्ही तळव्यांनी शटर वर उचललं, मग कोपऱ्याखाली जाड पटाशी घालून तरफ दिली. शटर ३ मिमी वर जाऊन ठोकळ्यावर टेकलं आणि थांबलं. आकडा ओठामागेच राहिला. हीच तपासणी दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये करायची आहे. त्याच वेळी रूळ ब्रशने झाडायचा, पाणी जायची भोकं तारेने मोकळी करायची आणि चाकांवर सिलिकॉन स्प्रे मारायचा. खोबरेल किंवा मशीनचं तेल घालायचं नाही. त्यावर धूळ बसून तिची पेस्ट होते आणि वर्षभरात चाक पुन्हा खाल्लं जातं.